शुक्रवारचा केक

बाबा, मंगळवारी मी तुमचा केक केला. तुम्ही शुक्रवार सोडून कधी केला नाहीत, म्हणून मैदा चाळताना मला उगाच चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. पण ज्या होणाऱ्या जावयासाठी करायचा होता त्याचा वाढदिवसच मंगळवारी आला, त्याला मी काय करणार. तुमच्या नातीचा साखरपुडा झाला होता, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा माझंही लग्न झालं नव्हतं, त्यामुळे तुम्ही तिला पाहिलेलं नाही. नाक तुमचं आहे, हट्टही तुमचाच. भिवंडीच्या बाहेर जिथे आपल्या भावकीची भातशेती होती तिथे आता गोदामं उभी आहेत, त्यातल्या एका गोदामात ती कॉम्प्युटरवर ड्युटी करते. मुलगा नारपोलीचा. आपल्यासारखेच घरचे कापडाचे लूम आहेत, बोलणं गोड आहे, आणि त्याला करवंदं आवडतात असं ती म्हणाली, म्हणून मी जव्हारच्या बाजूने आलेल्या बाईकडून करवंदं घेतली आणि कामाला लागले.

केक तुमचाच, त्यात माझं काही नाही. स्वतःचे लूम टाकण्याआधी तुम्ही बाजारातल्या बेकरीत होतात, तिथून हात शिकून आलात. जर्मनच्या मोठ्या टोपात खाडीची वाळू तापवायची, आत डबा ठेवायचा, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. अंडी आणि साखर फेसून फेसून पांढरी करायची. मग मैदा मिसळायची वेळ आली की तुमचा आवाज एकदम खाली यायचा. ‘हलक्या हातानं, पोरी. मारू नको त्याला. दबला का बसला.’ गार झालेला केक तुम्ही सुरीनं कधी कापला नाहीत. लूमवरच्या सूत गुंडाळलेल्या बीमवरून एक तार काढायची, केकच्या कमरेला गुंडाळायची, दोन्ही टोकं एकमेकांवरून ओढायची, की दोन सारखे थर अलगद सुटे. मधे आणि वर लोणी, पिठीसाखर आणि त्या त्या दिवसांतलं फळ: करवंद, जांभूळ, नाहीतर अननस. फळाचा गर आटवून पार गार झाल्याशिवाय लोण्यात घालायचा नाही, नाहीतर लोणी फुटतं. मी एकदा घाई केली आणि सगळं फुटलं, पाणी एकीकडे, गुठळ्या एकीकडे. मी डोळे घट्ट मिटून उभी राहिले. तुम्ही भांडं माझ्या हातातून घेतलंत आणि म्हणालात, ‘पुन्यांदा करू, काय व्हतंय.’ शुक्रवार होता.

बाकीचे दिवस आपल्या माळ्याखाली लूम चालायचे. मांडणीवरचे पेले आपोआप सरकत कडेला यायचे, आई ते पुन्हा मागे ढकलायची. एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं. त्या आवाजात तुम्ही आईला मारायचात. चहा गार झाला, व्यापाऱ्यानं कापड परत पाठवलं, दार उघडायला वेळ लागला, काहीही पुरायचं. तिचे केस मुठीत धरून तुम्ही तिचं तोंड भिंतीवर आपटायचात, आणि मला ते आपटणं ऐकू यायचं नाही, फक्त दिसायचं. तिचं ओरडणंही दिसायचं. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताठ, आणि माझ्या कानात मात्र खटक-खटक, खटक-खटक. एकदा तुम्ही तिच्या पोटात लाथ घातलीत आणि ती दुमडून खाली बसली, तेव्हा तिच्या हातातलं कालथं माझ्या पायाशी आलं. तेही आवाज न करता. गुरुवारी संध्याकाळी लूम थांबले की तुमचा हातही थांबायचा. शुक्रवारी लूम बंद, सगळी गल्ली गप्प, एका घरात कोणी शिंकलं तर दुसऱ्या घरातून हाक यायची, आणि तुम्ही त्या गल्लीतले सगळ्यांत मवाळ बाप. लहानपणी मला वाटायचं की लूमच्या आवाजानं तुमचं डोकं फिरतं. मोठी झाल्यावर कळलं की तुमचं डोकं कधीच फिरलं नव्हतं. डोकं फिरलेल्या माणसाला आज कोणता वार आहे ते कळत नाही.

एका दिवसाचं तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही आईचा गळा धरून तिला मांडणीत दाबलं होतंत, तिचे डोळे वर गेले होते, आणि मी जिना उतरून खाली धावले. लूमवर एक चाचा होते, चांगले होते, मला शेंगदाणे द्यायचे. मी त्यांच्यासमोर उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडले, ‘चाचा, आईला मारतायत, वर चला.’ त्यांनी कानामागे हात नेला, नाही ऐकू येत. लूमवर सगळं खुणांनीच चालतं आणि मला एकच खूण येत होती, तुम्हीच शिकवलेली: दोन बोटं जोडायची आणि झटक्यात वेगळी करायची. तार तुटली. मी तीच केली. रडत रडत, पुन्हा पुन्हा, तार तुटली, तार तुटली. चाचांनी मान डोलावली, लूम बंद केला आणि खाली वाकून तुटलेली तार शोधायला लागले. एकेक धागा बोटानं चाळत होते बिचारे. तार कुठेच तुटलेली नव्हती. तेवढ्यात एक लूम थांबल्याचं वर तुम्हाला कळलं, कारण तुमच्या कानाला तेवढं मात्र कळायचं, आणि तुम्ही खाली आलात. चालू लूम मी फुकट बंद पाडला म्हणून तुम्ही मला मानेला धरलंत आणि माझं डोकं लूमच्या लोखंडी चौकटीवर हाणलंत. रक्त कोऱ्या कापडावर उडालं. तुम्ही आधी कापडाकडे पाहिलंत. हे मी विसरायचा फार प्रयत्न केला, पण तुम्ही आधी कापडाकडेच पाहिलंत.

आईचा जीव मात्र त्यामुळे वाचला, हे ती मला पुढे कित्येकदा सांगायची. माझ्या डोक्याला टाके पडले आणि त्या शुक्रवारी तुम्ही जांभळाचा केक केलात. मला मांडीवर घेतलंत, पहिला घास मला भरवलात, पट्टीच्या कडेनं केस बाजूला केलेत. इतक्या हलक्या हातानं की मला तिथेच झोप लागली. तुम्ही गेलात तेव्हा अंगणात गर्दी मावत नव्हती. शेजारची काकी सगळ्यांना सांगत होती, ‘देवमानूस गेला गं. या घरातून आमी कवां मोठा आवाज न्हाय आयकला.’ आई तोंडात पदर कोंबून खाली मान घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. लोक म्हणाले, रडू दे तिला. ती रडत होती का, याबद्दल मला अजूनही शंका आहे.

असो, मंगळवारचं सांगते. आपल्याकडे मुलगा बघायला शुक्रवारीच जातात, तुम्हाला माहीत आहे. लूम बंद, घरचे सगळे पुरुष आंघोळ करून हजर, बोललेलं ऐकू येतं. आम्हीही शुक्रवारीच गेलो. त्यानं स्वतः चहा आणला, त्याच्या आईला खुर्ची दिली, माझ्या नवऱ्याला पानाचं विचारलं. साखरपुडाही शुक्रवारचाच. पुढे तो आमच्याकडे जेवायला यायचा तेही शुक्रवारी. मंगळवारी पोरगी ड्युटीवर, म्हणून केकचा डबा घेऊन मी एकटीच रिक्षात बसले, आणि नारपोलीच्या वळणावर खटक-खटक ऐकू यायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की लूमच्या चालू दिवशी मी या माणसाला अजून पाहिलेलाच नाही. इतकी शहाणी मी, तुमच्या घरात वाढलेली, आणि हे मला रिक्षात सुचलं.

घरी त्याची आई म्हणाली, ‘खाली कारखान्यात हाय, जा ना, खूश व्हईल.’ मी दारात पोचले तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. समोर एक कारागीर उभा होता, त्याच्या दुप्पट वयाचा, दाढी पिकलेली. तोंडं हलत होती. मग होणाऱ्या जावयानं लूममधला, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उचलला. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोकदार टोपणं असतात हे तुम्हाला मी काय सांगू. तो धोटा त्यानं त्या माणसाच्या तोंडावर मारला. एकदा गालावर, आणि तो वाकल्यावर पुन्हा मानेवर. आवाज काहीच नाही. रक्त दाढीत उतरलं. बाकीचे कारागीर आपापल्या कापडाकडे बघत राहिले. मग तो वळला, त्याला मी दिसले, आणि त्याचा चेहरा बदलला. बाबा, मी तो चेहरा ओळखते. भुवया खाली, ओठ वर, डोळ्यांत सगळी माया. धोटा त्यानं जागच्या जागी ठेवला, हात पँटला पुसला आणि तोंडानं ‘या ना, आई’ असं केलं. मी चालत गेले. डबा डाव्या हातात होता. उजव्या हातानं मी त्याच्या कानाखाली अशी काढली की तो मागच्या बीमवर जाऊन बसला. मग दुसरी मारली. तिसरी मारताना त्याच्या नाकातून रक्त आलं आणि माझ्या हाताला लागलं. कोणी धावलं नाही, कोणाला काही ऐकूच गेलं नव्हतं. मी त्या कारागिराचा हात धरून त्याला बाहेर आणलं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तो म्हणत होता, ‘रहने दो दीदी, लूम पे हो जाता है।’ केक मी परत आणला. तो त्याला देणं शक्यच नव्हतं.

पोरगी घरी आली ती आधीच त्याचा फोन ऐकून आलेली. चप्पल न काढता स्वयंपाकघरात आली. ‘तू त्याला मारलंस? सगळ्या माणसांसमोर? डोकं फिरलंय का तुझं?’ मी जे पाहिलं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘लूमवर चिडला असेल. माझ्याशी तो कधी आवाज चढवून बोललेला नाही.’ मी म्हटलं, ‘शुक्रवारी.’ ‘म्हणजे काय?’ म्हणजे काय ते मी तिला सांगायला बसले. तिच्या आजीनं, माझ्या आईनं, तिला केकवाल्या आजोबांच्या गोष्टी सांगून वाढवलं होतं, मला मधे बोलू दिलं नव्हतं. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड आक्रसत गेलं. ‘आत्ताच कसं आठवलं तुला हे?’ ती म्हणाली. मी तिचं बोट धरलं आणि माझ्या केसांत, त्या जागेवर ठेवलं. तिथे अजून खड्डा आहे, बाबा. तिनं हात झटकला नाही. मग तिनंच त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि एवढंच विचारलं, ‘तू त्या माणसाला धोट्यानं मारलंस?’ मागे लूम चालू होते, तो ओरडून बोलत होता. ‘अगं लूमवर चालतं आसं. कोनाला आयकू बी न्हाय गेला, तू कशाला टेन्शन घेतेस?’

तिनं फोन ठेवला. मग बोटातली अंगठी ओढायला लागली. अंगठी निघेना, साखरपुड्यापासून बोट जरा भरलं होतं. साबण झाला, तेल झालं, ती रडकुंडीला आली. मी भांड्याच्या कडेचं करवंदाचं लोणी निपटून तिच्या बोटाला फासलं, मनगट काखेत धरलं आणि पिळून ओढलं. कातडी सोलली. ती अशी किंचाळली की समोरची खिडकी उघडली आणि शेजारीण ओरडली, ‘काय चाललाय? कोन मारतंय पोरीला?’ आमच्या बाजूचे लूम केव्हाच विकले गेले आहेत, इथे आता सगळं ऐकू जातं. पोरीनंच खिडकीतून उत्तर दिलं, ‘कोणी नाही काकी, लग्न मोडतेय!’

अंगठी लोण्यात पडली होती, ती धुऊन डबीत ठेवली. उद्या तिचा बाप आणि मी नेऊन देणार आहोत, चालू दिवशीच. मुलाकडच्यांनी माझ्यावर पोलिसात तक्रार देऊ म्हटलंय, खुशाल द्यावी. बोटाला हळद लावून आम्ही दोघी बसलो तेव्हा तिनं केककडे पाहून विचारलं, ‘एवढं सगळं केलं आजोबांनी, तरी तू त्यांचा केक करतेस?’ मी म्हटलं, चांगला होतो म्हणून. तिनं ते मान्य केलं आणि दोन तुकडे खाल्ले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि तुमच्या फोटोसमोर वाचायची माझी इच्छा नाही. पण तिला जे सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं. शुक्रवारी मला तुम्ही फार आवडायचात, बाबा, आणि गुरुवारी संध्याकाळी अजूनही मी तुमची वाट बघते.