मागच्या सीटवरचे साहेब

१८ जानेवारी २०२५, शनि.
आज गजू पैलवानाच्या माणसाचा जबडा मोडला. मी नाही, गाडीने. गॅरेजात घुसून लोखंडी सळईने माझ्या अ‍ॅम्बेसेडरची मागची सीट फोडत होता. दार आपोआप त्याच्या थोबाडावर आदळलं. तीन दात ऑइलच्या ट्रेमध्ये. पण सीटचे स्प्रिंग गेले ते गेलेच.
जाताना रक्त थुंकत निरोप दिला, "अमावस्येले तुह्या साळ्याले मारते शेट. मंग ड्रायव्हर करते आमचा."
साळा म्हणजे पिंट्या, माझ्या बायकोचा, सुमनचा धाकटा भाऊ. गजू वणीच्या खाणींतला कोळसा चोरतो, तो मेलेल्या ड्रायव्हरांकडून. भगताने मंत्र टाकून ते उठवून दिलेत. पगार नाही, सुट्टी नाही. पिंट्याने ते पाहिलं आणि पानठेल्यावर बसून गावभर केलं. तोंडाला कुलूप कधी नव्हतंच त्याच्या. आता बंद खाणीच्या जुन्या कॅन्टीनात कोंडलाय.
सुमन जेवली नाही.

१९ जाने., रवि.
साहेबांशी बोललो. गाडी सरकारी भंगाराच्या लिलावात घेतली, साहेब सोबत आले. गुप्त खात्यातले. पांढरा बुशशर्ट, कपाळाला गोळीचं भोक. चंद्रपूर रोडवर याच सीटवर गेले, पण अजून ड्यूटीवर आहेत आणि मी त्यांचा ड्रायव्हर. माझं नाव एकदाही विचारलेलं नाही.
गाडी मार्क टू मॉडेल आहे. समोरची चौकटीचौकटीची जाळी मूळची, स्टिअरिंगजवळचा गिअर मूळचा, पेट्रोल इंजिन मूळचं. लोकांनी या गाड्यांत डिझेल इंजिनं कोंबून त्यांची बैलगाडी केली. मी एक स्क्रू बदलू दिला नाही.
साहेब म्हणाले, "सीट दुरुस्त करून घे. बुधवारी दुपारी हल्ला. शत्रू जेवून सुस्त असतो."

२० जाने., सोम.
नवी फोमची सीट बसवली. साहेब खाली बघत म्हणाले, "ड्रायव्हर, माझे पाय कुठे आहेत?"
कमरेखाली काही नाही!
भंगारवाल्याकडे धावलो. त्याने जुन्या सीटचा काथ्या जाळून स्प्रिंग मोकळे करून ठेवले होते. म्हणजे साहेब गाडीच्या मूळ सामानात आहेत. डुप्लिकेट बसवलं की तेवढे कमी. सुमनला सांगितलं.
"मंग हॉर्न बदलू नका, नाई तं त्याईचं बोलनं बंद होईन." जरा थांबून, "बदलाच."
पिंट्याला नेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग रडली.

२२ जाने., बुध.
हल्ला केला. हरलो.
सुमन पुढे, हातात जॅकचा दांडा. गेटवरच्या दोघांचे गुडघे तिने फोडले, मी नुसता क्लच दाबून बघत राहिलो. नंतर मेलेले ड्रायव्हर आले, पंधरावीस तरी. साहेब खिडकीतून ठोसे मारत होते. मुंडकी उडत होती, मेलेले ती उचलून परत लावत होते. घाईत दोघांची अदलाबदल झाली, तर ते आपसातच भिडले. तिथेही "माझं, माझं" सुटत नाही माणसाला.
कॅन्टीनच्या खिडकीत पिंट्या दिसला. जिवंत. एक डोळा मिटलेला, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. "ताई" म्हणून ओरडला.
तेवढ्यात गजूने बॉनेट उघडून इंजिनात कुदळ घातली. ब्लॉक उभा चिरला. साहेबांच्या तोंडातून ऑइल आलं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळवत तिच्यातूनच पळालो. पळालोच, दुसरा शब्द नाही.

२४ जाने., शुक्र.
बिडाचा ब्लॉक, वेल्डिंग धरत नाही. दोनदा केलं, दोनदा फुटलं. नागपूर, हैदराबाद, सगळीकडे फोन. मूळ इंजिन कुठेच नाही.
कोपऱ्यात जीपचं डिझेल इंजिन पडलंय. ते बसवलं तर गाडी पळेल. साहेब मात्र...
सुमन म्हणाली, "तुमाले माहा भाऊ पाहिजे का भूत, सांगून टाका एकडाव."
मी पाना फेकून मारला. तिला नाही, भिंतीला. भिंतीचं प्लास्टर पडलं. मला दोघंही पाहिजेत. हे तिला कसं सांगू? बारा महिने शिव्या खाणाऱ्या माणसाला त्या म्हाताऱ्याने कामाचा माणूस समजलं, आणि मला ते आवडतं.

२६ जाने., रवि.
समोरच्या शाळेत झेंडावंदन झालं. साहेबांनी बसल्या बसल्या सलाम ठोकला. मग म्हणाले, "कामगिरी आधी. इंजिन काढ."
नाही म्हणालो.
"विचारत नाहीये. हुकूम आहे."
चेनपुली लावली. इंजिन वर जाऊ लागलं तसा आधी बुशशर्ट विरला, मग हनुवटी. डोळे शेवटपर्यंत समोरच्या रस्त्याकडे. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी. मी मोठ्याने रडलो, सुमन चेन धरून उभी राहिली.

२९ जाने., बुध. अमावस्या
सकाळी गेलो. मागची सीट रिकामी.
गेट तोडून गाडी आत घातली. गजू कुदळ घेऊन आला, मी त्याला भिंतीशी चेपला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज इंजिनच्या वर आला. तरी हसत होता, कारण मेलेल्यांनी आम्हाला घेरलं होतं. एकाने माझा कान ओढून अर्धा फाडला.
सुमन टपावर चढली. "काहून मरून राह्यले रे याच्यासाठी? तुमच्या बायका वाट पाहून राह्यल्या, जा ना घरी!"
सगळे थांबले. मग वळले. गजूला त्यांनी हातांनीच मोकळा केला, सांध्यासांध्यातून. भगत पळाला.
मग ते एकामागून एक गेटबाहेर निघाले. त्या रांगेतून पिंट्या आला. सुमनने ओढून गाडीत घातला. वाटेत एक शब्द बोलला नाही. पिंट्या, आणि गप्प!
आता ओसरीवर बसलाय. हात लावला तर गार. सुमन म्हणते थंडीने. मी त्याची नाडी बघायला गेलो तर सुमन माझ्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं.
"माहा भाऊ भुकेला हाये," म्हणाली.
पिंट्या ताटाकडे बघत बसलाय. वरण निवलं. सुमन दुसरं गरम करायला आत गेलीय.