काचेवरची टकटक

महाड, मंगळवार संध्याकाळ

आबा सकाळीच पोलादपूरला, वरच्या वाडीवर परतले. घरात मी एकटा, आणि माशांच्या टाकीतून तीच टकटक!

वाकून पाहिलं. प्रवाळाच्या दगडाच्या भोकात मँटिस श्रिंप. बोटाएवढी, कोळंबीसारखी, पण ठोसे मारून मासे मारणारी; टकटक त्याच ठोशांची. दगडाबरोबर नकळत मीच आणलेली.

आणि आठवडाभर मी आबांवर खेकसत होतो, "काच ठोकू नका, मासे मरतायत!"

"मी नाय रे ठोकत," एवढंच म्हणाले. मग टाकीपुढे बसले की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. माझा बाप, माझ्याच घरात.

आत्ता फोन लावला. सांगणारच होतो. त्यांनीच आधी विचारलं, "आता मरत नायत ना मासं?"

"नाही," म्हणालो. आणि टकटक त्यांना ऐकू जाईल म्हणून फोन घेऊन गॅलरीत गेलो.