खाली उभा राहणारा माणूस

अब्बा,

आज दवाखान्यात तुमच्या जोडीदाराला बघून आले. तेच काका, जे खांबावर चढायचे आणि तुम्ही खाली थांबायचात. त्यांचा उजवा हात कोपरापासून काढलाय. मला बघून हसले. "आली बघ आमची मास्तरीण. आता माझा रिपोर्ट तूच लिव, माझा लिवायचा हात गेला." मग छताकडे बघत म्हणाले, "खालचा माणूस रिकामा असतोय, हे कुणी ठरवलं गं?" मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

तुम्ही गेल्यानंतर शहराची वीज खासगी कंपनीकडे गेली आणि दोन वर्षांत त्या कंपनीचाही मालक बदलला. गाडीवरचं नाव बदललं, शर्टाचा रंग बदलला, खांब तेच राहिले. मी त्याच कंपनीच्या कार्यालयात काम करते. नव्या मालकांनी फेररचना काढली. कोणता माणूस कोणत्या कामाला किती वेळ देतो त्याचे तक्ते करायचे आणि जास्तीच्या वाटतील त्या जागा काढायच्या. लाइनमनचे तक्ते माझ्याकडे आले. आठवडाभर मी घड्याळ घेऊन त्यांच्या गाडीमागून फिरले. वरच्या माणसापुढे लिहिलं, तार जोडणे, चाळीस मिनिटं. खालच्यापुढे लिहिलं, उभा राहणे, चाळीस मिनिटं. बघितलं तेवढंच लिहिलं, तुम्ही शिकवलंत तसं.

लहानपणीचं अजून डोळ्यांपुढे आहे. अम्मी भाकरी थापतेय, तुम्ही दिवसभराचा रिपोर्ट सांगताय आणि मी चुलीजवळ पालथी पडून लिहितेय. शाळेच्या आधी अक्षरं मी तिथंच गिरवली. एकदा तुम्हाला साहेबांची शाबासकी मिळावी म्हणून मी दोन खांब वाढवून लिहिले, तर तुम्ही पान फाडून माझ्या हातात दिलंत. "बघितलं तेवढंच लिवायचं." आणि एकदा मी विचारलं, तुम्ही तर नुसते उभे असता, हे कसलं काम? तुम्ही चिडला नाहीत. रविवारी सायकलवर बसवून मला उचगावला नेलंत. काका खांबावर आहेत. तुम्ही बंद केलेल्या स्विचच्या पेटीला पाठ लावून उभे आहात, मी शेजारी. एक वर्कशॉपवाला तरातरा येतो.

"ओ पावणं, लेथ बंद पडलंय माझं. सरका, मीच लावतो स्विच."

"लेथ उद्या बी फिरंल. वर माणूस हाय."

तो आईवरून शिव्या देतो. तुम्ही हलत नाही. परत येताना म्हणालात, "बघितलंस न्हवं काम?"

गेल्या सोमवारी काका खांबावर एकटेच होते. खालची जागा माझ्या तक्त्यावरून काढून टाकलेली. लाइट नाही म्हणून वैतागून कुणीतरी पेटी उघडली आणि स्विच चालू केला. उद्या चौकशी आहे. साहेब म्हणाले, "मॅडम, पेटीला कुलूप लावलं नाही ही त्यांची चूक. तुम्ही फक्त सांगा, तक्ता बरोबर होता." कुलपं कंपनीनं अपघाताच्या आधीच मागवली आहेत, अजून आलेली नाहीत. चूक काकांची ठरली तर हाताबरोबर नोकरीही जाईल. चार दिवस मी तो तक्ता पुन्हा पुन्हा तपासतेय. त्यात खोटं काही नाही. मिनिटंसुद्धा बरोबर आहेत.

हे पत्र अम्मीला दाखवणार नाही. तुमच्या रिपोर्टांच्या वहीत ठेवून देईन. मी सगळ्यांना सांगतेय, पेटी राखण्याचा रकानाच तक्त्यात नव्हता. तो नव्हता हे खरं. पण खाली शेऱ्यासाठी जागा होती, अब्बा, तीन ओळींची. मी तिथं पेनही टेकवलं होतं. साहेबांना स्वच्छ तक्ते आवडतात, आणि या वेळी शाबासकी मला हवी होती.