आकड्याआधीची जागा

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी मी तुमच्या हातचा फोन नंबर पुसणार आहे. तुम्हाला न विचारता तुमचा ब्रश उचलायचा धीर होईना, म्हणून लिहायला बसले.

लक्ष्मीपुरीतलं माने काकांचं बियाण्यांचं दुकान आठवतं ना? लाल पत्रा, पिवळी अक्षरं. काकांनी लँडलाईन परत केली. "पोरी, त्या नंबरावर फोन लागत न्हाय आन् गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंब मारतंय. मोबाईल नंबर घाल," म्हणाले. गल्लीत बाकी सगळीकडे फ्लेक्स आलेत. तुमच्या हातचा हा एकच बोर्ड उरलाय, अण्णा.

टेलिफोनवाल्यांनी आपल्या सहा आकडी नंबरांआधी दोनाचा आकडा लावला, तेव्हा काय धांदल उडाली होती तुमची! जो तो हाक मारायचा, "पेंटर, आमचा दोन बसवा की!" पण बसवायचा कुठे? 'फोन' हा शब्द आणि आकडे तुम्हीच इतके चिकटून काढलेले, की मधला दोन अंग चोरून उभा असल्यासारखा दिसायचा. तो बघून तुम्ही दिवसभर चिडचिड करायचात.

आणि गावभर दोन लावत फिरणारे तुम्ही, आत्याला फोन करताना मात्र तो हटकून विसरायचात! मग नंबर बदलल्याचं सांगणाऱ्या रेकॉर्डमधल्या बाईशीच भांडण. "कळलं की बाई, किती येळा सांगशील?" आई तोंडाला पदर लावून हसायची.

त्यानंतरच्या प्रत्येक बोर्डावर तुम्ही नंबराआधी एका आकड्याची जागा रिकामी सोडू लागलात. माने काका ह्याच बोर्डावरून तेव्हाही तणतणले होते, "पेंटर, ह्ये मधी भगदाड कशाला?" तुम्ही शिडीवरूनच म्हणालात, "उद्या आनी एक आकडा वाढला तर? असूंदे की जागा."

तो आकडा काही आला नाही. लँडलाईनच गेल्या. कधीकधी तुमचा रागच येतो मला. लोकांच्या नंबरांसाठी एवढी जागा राखलीत, आणि स्वतः दुपारचा चहा अर्धा टाकून कायमचे निघून गेलात! एक शब्द बोलायलासुद्धा थांबला नाहीत. असं करतात का?

आज मापं घ्यायला शिडीवर चढले आणि तुमच्या दोनवरून बोट फिरवलं. रंगाचा थर अजून बोटाला लागतो. मग मात्र रडूच फुटलं. काका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि शिडी धरून उभे राहिले.

मोबाईलचे दहा आकडे त्या पत्र्यावर ऐसपैस बसतात. पण मी ते जरा बारीक काढणार आहे. आधीची जागा सुटली पाहिजे. काका तणतणतील, तणतणू देत. उत्तर तुमचंच देईन. माझ्या हातून जोवर नंबर लिहिले जातील, तोवर प्रत्येकाआधी एक घर रिकामं राहील, हा माझा शब्द.

तुमची,
नंदा पेंटर