देवीच्या माळावरचा कोंबडा

आई, गेल्या रविवारी काकू येऊन गेली. खर्डा गावाबाहेरचं आपलं रान तू गेल्यापासून पडीकच होतं. तिथं मी आता कोंबड्या सांभाळते, हे तुला कुठून माहीत असणार. अंडी कमी झाली की पोल्ट्रीवाले ज्या काढून टाकतात त्या, टेम्पोतून पडलेल्या, पायांत जीव नसलेल्या ब्रॉयलर, आणि कुणीतरी फाटकाशी सोडून गेलेली चार बदकं. पिंजऱ्यातून आलेल्या कोंबडीला आधी चालता येत नाही. पायाखाली माती आली की एक पाय उचलून ती तशीच उभी राहते. दोन-तीन दिवसांनी कधीतरी उकरायला लागते. ते बघायला माणसं येतात आणि आली की मी त्यांना तुझी गोष्ट सांगते. सांगायचे, असं आता म्हणायला हवं.

गोष्ट माझ्या तांबड्या कोंबड्याची. वाकड्या बोटाचं ते पिल्लू तू पदरातून आणलंस, माझ्या ओंजळीत ठेवलंस आणि म्हणालीस, हे तुझं. तो चुलीपाशी माझ्या ताटात तोंड घालायचा म्हणून तू फुंकणी उगारून मला दटावायचीस. पण संध्याकाळी खुराड्यात घालताना पोट भरलंय का म्हणून पहिल्यांदा त्याचीच गळ्याखालची पिशवी चाचपायचीस. मग मला तो लांबलेला ताप आला. बरी होऊन पहिल्यांदा बाहेर येते आणि खुराडं उघडून बघते, तर तांबडा नाही. तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. माझ्याकडे न बघता सांगतेस, "त्यो देवीच्या माळावर ऱ्हातो आता. पुजारी सांजसकाळ दानं टाकतो. लई मोकळं हाय तिथं." मी म्हणते, मला बघायचाय. तू म्हणतेस, "वढ्याला पानी हाय. उन्हाळ्यात जाऊ." उन्हाळ्यात आपण मामाकडे गेलो, आणि पुढच्या वर्षी मी काही विचारलं नाही.

मोठी झाले, नोकरीसाठी शहरात, सावेडीत राहिले, पण तो माळ डोक्यातून गेला नाही. म्हाताऱ्या कोंबड्यांनी भरलेला, पुजारी हाक मारतोय आणि सगळे धावत येतायत, असा. नोकरी सोडून इथं तारेचं कुंपण घातलं ते त्याच्यावरून. येणाऱ्याला अभिमानाने सांगायचे की कोंबड्याला म्हातारं होऊ देणारी जागा असते, हे मला आईने शिकवलं. गेल्या रविवारीही पाचसहा पाहुण्यांना तेच सांगत होते. काकू बाजेवर बसून ऐकत होती. मधेच तिला हसू आलं. "आगं, त्यो देवीला कबूल केलेला हुता. तुजा ताप उतरला म्हनून कापला. तूच न्हाई का दोनदा रस्सा मागून घेतलास?" पाहुणे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून मला तुझा राग येतोय. कापलास याचा थोडा. नवस बोलली होतीस, पोर हातची जाईल म्हणून घाबरली होतीस, ते मला समजतं. पण मला सांगायचं होतंस. मी रडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग विसरले असते. त्याऐवजी तू फुंकर घालून तो रस्सा मला पाजलास. आजारानंतरची ती पहिली चव मी इतकी वर्षं तुझी माया म्हणून जपली. तू मला फसवलंस, आई. ज्या माळाच्या भरवशावर मी हे सगळं उभं केलं, तो माळच नव्हता. मोठेपणी जरा डोकं चालवलं असतं तर कळलंही असतं. पण आईचं बोलणं कोण तपासून बघतं?

काकू गेली त्या संध्याकाळी माझं कशात लक्ष नव्हतं. कुणाची पिशवी चाचपली नाही, आणि एका खुराड्याची कडी लावायची राहून गेली. सकाळी बघते तर मुंगसाने पांढरा कोंबडा मारलेला. तो सावेडीतल्या एका निवृत्त मास्तरांचा. पहाटे आरवतो म्हणून सोसायटीतले भांडायला लागले, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. बायको गेल्यावर घरात तेवढाच आवाज होता, असं म्हणाले होते. दर रविवारी त्यांचा फोन येतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. आज त्यांचा फोन आला. मी म्हणाले, मजेत आहे सर, खालच्या अंगाला असतो, खूप मोकळं आहे तिथं. बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सध्या ओढ्याला पाणी आहे, उन्हाळ्यात या.

ओढा कोरडा ठणठणीत आहे, आई.