शिळं पाणी

बालाघाट, शुक्रवार, १२ जानेवारी १९६८. संध्याकाळ.

उद्या बिरसा गावाले गाडी घेऊन निघायचं आणि माझा जीव त्या रबरात अडकला आहे. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतला संडास लांजीच्या दौऱ्यात गळला, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी मला साफ सांगितलं, "पुन्हा असा वास आला तर मी मुक्कामाला येणार नाही." त्यांचं बरोबरच आहे. पण मग बिरसाच्या बायांनी कोणाले दाखवावं?

संडासाच्या भांड्याखालच्या झडपेचं रबर तडकलं होतं. दुपारी चाकाची जुनी ट्यूब कापून नवं बसवलं, भांड्यात पाणी भरलं आणि गळती कळावी म्हणून खाली कोरडा कागद ठेवला. पण पहिलं तडकलंच काहून? भांड्यात पाणी नसलं की रबर वाळते. हे मी सुमनबाई नर्सले समजावलं. ती म्हणाली, "हौ भाऊ, पण शिळं पाणी कोणी ठेवते का?" म्हटलं, हे ठेवा.

आत्ता कंदील घेऊन पाहून आलो. कागद कोरडा! हायसं वाटलं. मग भांड्यात डोकावलो. पुसून लखलखीत, तेही कोरडं; सुमनबाईनं शिळं पाणी काढून टाकलं होतं. थेंबच नव्हता, तर गळणार काय?

पुन्हा पाणी भरलं. कागद तोच ठेवला. आता पाहायले जीव धजत नाही.