देवकीला बाहेर पाठवलं

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

परत आले! शिवानंद सर. इकडच्या शाळा तपासत फिरतात. न कळवता मोटरसायकलवर येतात, मागच्या बाकावर बसतात. काही लिहीत नाहीत – लिहिलं असतं तरी बरं.

रविवारभर रंगवलेला शब्दांचा तक्ता लावला होता. चौथीची पोरं एका सुरात वाचत होती, कौलं हादरावीत अशी. मध्येच सर म्हणाले, "देवकी, जा गं, दुसरीच्या पोरांजवळ बस जरा." माझी सगळ्यात हुशार मुलगी! ती गेली आणि वर्ग गप्प. सरांनी मुद्दाम केलं.

जाताना म्हणे, "टीचर, तक्ते रंगवायचं सोडा हो. एकेकाला वाचाय लावा." म्हणजे वरचे साहेब आले की भिंती रिकाम्या, आणि नाव खराब माझं!

मंगळवार, १९

डबा खाताना हेडबाई शकुंतलाबाई म्हणाल्या, "सरांची भाची बी.एड. झालीया म्हणं. तुमची ही अतिथी शिक्षिकेची जागा वर्षापुरती, व्हय की न्हाई?" वर हसल्या. मी डबा झाकला.

बुधवार, २०

शाळेत घालायच्या आधी वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच शिकवलं. मी मोठ्यानं वाचायची, ते चूक धरायचे. मोठ्यानं वाचूनच आलं मला. मग माझं चुकतं कुठे? पोरं सरांना घाबरली, दुसरं काय.

शुक्रवार, २२

पुन्हा सर. पुन्हा देवकीच बाहेर! धीर करून विचारलं, "तिलाच का, सर?"

"तुम्ही माझ्याकडं बघतायसा. पोरांच्या तोंडाकडं बघा."

कोड्यात बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

सोमवार, २५

देवकी आली नाही. अक्षय म्हणाला, "त्यांच्यात भाताची कापणी हाय."

सरही नव्हते. मग घाबरायचं कुणाला?

तक्त्यावर छडी टेकवली. "वाचा." सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तोंडं उघडलेली – पण आवाज नाही. कुणीतरी आधी सुरू करायची वाट बघत होते!

अक्षयला एकट्याला उभं केलं. खाली बघत म्हणाला, "टीचर, देवकी म्हणती, मग आमी म्हणताव."

मंगळवार, २६

भाचीचं खरं की खोटं, अजून कळलेलं नाही.

आप्पांपुढे मी एकटीच असायची. माझ्यापुढे वर्गभर पोरं – आणि इतके महिने मीही एकटीलाच शिकवत होते.

तक्ता उतरवला. आता पुस्तकातून एकेकानं वाचायचं. पहिला अक्षय.